झोक्यातून गादीवर: बाळाला आपलं आपण झोपायला कसं शिकवायचं

मे महिन्यातली रात्र होती. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. पाय हलतोय तोवर सात महिन्यांची धाकटी शांत असायची आणि माझा डोळा लागून पाय थांबला की चाळवायची. रात्रीतून पाच-सहा वेळा हेच चालायचं. त्या रात्री लाइन गेली, कूलर बंद पडला आणि ती जी उठली ती पहाटेपर्यंत झोपलीच नाही. मी तिला खांद्यावर घेऊन गच्चीत फेऱ्या मारत राहिले. सकाळी वहीत एकच ओळ लिहिली: झोका सोडवायचा.

थोरल्याच्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो तीन वर्षांचा होईपर्यंत मांडीवरच झोपला. पुढे लिहिलंय ते दोन्ही लेकरांच्या अनुभवातून, बालरोगतज्ज्ञांना पुन्हा पुन्हा विचारून आणि बरंच वाचून गोळा केलेलं आहे.

आधी शब्दाचा अर्थ ठरवू

आपलं आपण झोपणं म्हणजे वेगळ्या खोलीत झोपणं नव्हे. नागपूरच्या उन्हाळ्यात अर्ध्याअधिक घरांत सगळं कुटुंब एका कूलरसमोर हॉलमध्ये झोपतं, आणि त्यात काहीही बिघडत नाही. पहिले निदान सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावं, असंच डॉक्टर सांगतात. शिकवायची आहेत ती फक्त जागेपण आणि झोप यांमधली शेवटची दहा मिनिटं. ती दहा मिनिटं बाळाने झोका, मांडी, अंगावरचं दूध किंवा बाटली यांच्याशिवाय पार करायची, एवढंच.

याच दहा मिनिटांवर एवढा भर का? लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं आणि दोन आवर्तनांच्या मध्ये प्रत्येक बाळ थोडं वर येतं. आपणही येतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. नागपूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाताना आठवून बघा. गाडी हलत असते तोवर छान झोप लागते, आणि भुसावळला थांबली की जाग येते. झोक्यात झोपलेल्या बाळाची प्रत्येक तासाला अशीच गाडी थांबते. झोप लागताना जे होतं ते आता नाही, म्हणून ते रडून तेच मागतं. झोप लागतानाही गादी आणि उठल्यावरही तीच गादी असली, तर मागायला काही उरत नाही.

कोणत्या वयात

चार महिन्यांच्या आत काहीही शिकवायला जाऊ नका. दिवस-रात्रीचं शरीरातलं घड्याळ तीन-चार महिन्यांच्या सुमारास बसू लागतं. त्याआधी बाळ भुकेसाठी उठतं आणि त्याने उठायलाच हवं. या काळात दिवसा घरात उजेड आणि बोलणं-चालणं राहू द्यावं, रात्रीच्या पाजण्याला अंधार आणि शांतता असावी, एवढं पुरतं. कधीमधी पेंगत असताना, पूर्ण झोपण्याआधी, खाली ठेवून बघावं. जमलं तर ठीक, नाही तर उचलून घ्यावं.

खरी सुरुवात सहा महिन्यांनंतर केलेली बरी, तीही वजन नीट वाढतंय याची डॉक्टरांकडून खात्री करून. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर जन्मतारखेऐवजी ठरलेल्या तारखेपासून महिने मोजा.

नागपूरकरांनी हंगामही बघावा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढं दर वर्षी नसलं तरी नवतपाच्या दिवसांत वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. अशा रात्री बाळाला जास्त वेळा दूध लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी देत नाहीत, तहानही दुधानेच भागवायची असते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाऊस पडू द्या. आम्ही जुलैत सुरू केलं. दात येत असताना, लसीच्या आठवड्यात किंवा घरात लग्न असताना सुरू करू नका.

अंथरूण

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, कारण बाळ एकटं झोपणार असेल तर अंथरूण निर्धोक असणं ही पहिली अट आहे.

पहिलं वर्षभर बाळाला पाठीवरच झोपवायचं. पुढे ते स्वतःहून दोन्ही बाजूंनी पलटू लागलं की झोपेत पलटलेलं बाळ तसंच राहू द्यायला हरकत नाही. गादी सपाट आणि टणक असावी, हाताने दाबली तर खड्डा पडू नये. वर्षाच्या आत उशी नको, राईची उशीही नको. दोन्ही बाजूंचे लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी, सगळं अंथरुणाबाहेर. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत निदान झोपताना काढून ठेवा, कारण तो अडकून फास बसू शकतो. डोक्यावरची कुंचीही घरात झोपताना नको, लहान बाळ अंगातली उष्णता बरीचशी डोक्यावाटे सोडतं. दुपट्यात घट्ट बांधणं पलटण्याची पहिली चिन्हं दिसताच बंद करा.

साडीच्या झोळीबद्दल आपल्याकडे फार जिव्हाळा आहे, मलाही आहे. पण झोळीत पाठ वाकते, लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जागेपणी, समोर बसून झोका द्यायला झोळी चालेल, पण झोप लागल्यावर बाळ सपाट जागी हवं. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपी जाणं तर सगळ्यात धोक्याचं. रात्री पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा आवरलेल्या पलंगावर बसा. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल, कुणी दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर त्याला आपल्या अंथरुणात घेऊच नका.

पावसाळ्यात मच्छरदाणीला पर्याय नाही. बाळाच्या खोलीत कॉइल किंवा धूर नको, आणि बंद खोलीत शेकाची शेगडी तर कधीच नको. कोळशाच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

कूलरचा झोत थेट बाळावर नको. लोखंडी कूलर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि रांगतं-चालतं मूल त्याला हात लावू शकणार नाही अशी आडोशाची सोय करा. जुलैच्या दमट हवेत कूलर चिकचिक वाढवतो, तेव्हा पंखा बरा. गरम होतंय की थंडी वाजतेय हे हातापायांवरून कळत नाही, मानेला मागून हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पांघरुणाऐवजी अंगात एक थर वाढवा.

आणखी एक इथली गोष्ट. आपण मुंबईच्या बरेच पूर्वेला आहोत, सूर्य इथे वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. मे महिन्यात साडेपाचलाच उजेड होतो आणि बाळं उठतात. पूर्वेच्या खिडकीला जाड, गडद पडदा लावल्यावर आमच्या घरी सकाळची झोप जवळपास तासाभराने वाढली.

पहिली पायरी: पाच दिवसांची वही

काहीही न बदलता पाच दिवस फक्त लिहा. किती वाजता उठलं, दिवसा कधी आणि किती झोपलं, रात्री कशामुळे झोप लागली, किती वेळा उठलं. माझ्या वहीतून दिसलं की धाकटी संध्याकाळी सहा ते सव्वासात झोपायची आणि मग मी साडेनऊला तिला झोका देत बसायचे. तिला झोपच येत नव्हती.

दुसरी पायरी: दिवस लावून घेणं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला हिशोब असा आहे, दिवसाची झोप धरून: पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांत १२ ते १६, एक-दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३ तास. आपल्या लेकराची बेरीज करून बघा.

सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, अर्धा तास इकडेतिकडे चालेल. सहा-आठ महिन्यांचं बाळ एका वेळी दोन-तीन तास जागं राहू शकतं, वर्षाचं तीन-चार तास. दुपारी एकदाच झोपणारं दीड-दोन वर्षांचं मूल पाचेक तास काढतं. एवढ्या वेळाआधी झोपवलं तर झोपत नाही. फार उशीर केला तर अति दमून किरकिर करतं, अंग ताठ करतं, आणि आपल्याला वाटतं की याला झोपच नाही.

आपल्याकडे या पायरीवर अडतं ते बाबांच्या येण्याच्या वेळेवर. इतवारीतलं दुकान बंद करून घरी यायला साडेनऊ होतात, आणि दिवसभर न दिसलेलं लेकरू तेव्हा उचलून हवेत उडवलं जातं. बाबांची भूक खरी आहे, तिला नाही म्हणायला माझं मन होत नाही. आम्ही सकाळ बाबांना देऊन टाकली. तेलमालिश आणि अंघोळ साडेसात ते सव्वाआठ बाबांकडे. रात्री आठला दिवे मंद झाले की बाबा आल्यावर हॉलमध्ये हळू आवाजात जेवायचे. पहिला आठवडा त्यांना जड गेला.

तिसरी पायरी: झोपेआधीचा अर्धा तास

रोज त्याच गोष्टी, त्याच क्रमाने. आमचा क्रम असा: अंग पुसणं, सैल सुती कपडे, दूध, हिरड्या किंवा दात पुसणं, दिवा बारीक, एक गोष्ट, एक अंगाई, गादी.

यात दूध कुठे आहे ते बघा. दूध शेवटी असतं तोवर बाळ दुधावरच झोपणार. ते वीस मिनिटं आधी सरकवा, उजेडात पाजा, पेंग आली तर तळपायाला गुदगुल्या करून जागं ठेवा. बाटली तोंडात ठेवून झोपवल्याने वरचे पुढचे दात किडतात, हेही कारण आहेच.

मोठ्या मुलांना क्रमात स्वतःचं काम हवं असतं. तान्ह्या पोळ्याला घेतलेला लाकडी नंदी थोरल्याचा जीव की प्राण होता. त्याला कडा आणि चाकं असल्यामुळे अंथरुणात तो नको होता. मग रोज रात्री थोरला आधी नंदीला झोपवायचा: कोनाड्यात ठेवायचा, वर रुमाल टाकायचा, पाठीवर दोनदा थोपटायचा आणि म्हणायचा, "आता उठायचं नाही." मग स्वतः येऊन आडवा व्हायचा.

चौथी पायरी: झोका सोडवणं

पाळणा एका रात्रीत काढून टाकायची गरज नाही. मी असं केलं.

पहिल्या तीन रात्री झोका दिला, पण डोळे जड होऊन मिटायच्या आत थांबवला. थांबल्यावर तिच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. रडली तर पुन्हा थोडा झोका, पुन्हा थांबणं. पहिल्या रात्री अकरा वेळा थांबले. तिसऱ्या रात्री चार वेळा.

चौथ्या रात्रीपासून झोका अजिबात नाही. पाळण्यातच, पण नुसतं थोपटणं. ही सगळ्यात अवघड रात्र असते, तिची तयारी ठेवा. ती चाळीस मिनिटं रडली आणि त्या चाळीस मिनिटांत मी तिच्याजवळून हलले नाही. तिने पाळण्याची कड धरून स्वतःलाच हलवायचा प्रयत्न केला. मग माझं बोट मुठीत घट्ट धरलं, हुंदके देत राहिली, हुंदक्यांमधलं अंतर वाढत गेलं. मूठ सैल झाली तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या रात्री ती दोनदाच उठली.

सातव्या रात्री पाळण्याशेजारच्या गादीवर. थोपटणं चालू, पण लय हळूहळू मंद, मग नुसता हात ठेवणं. दहाव्या रात्री हातही नाही, शेजारी बसणं. नंतर दर दोन-तीन रात्रींनी एक हात मागे सरकायचं. अठराव्या रात्री मी दारात होते.

तुमच्या बाळाला मांडीची सवय असेल तर झोक्याच्या जागी मांडी वाचा. शिडी तीच: आधी मदत कमी करायची, मग जागा बदलायची, मग आपण दूर व्हायचं. एकाच रात्री दोन गोष्टी बदलू नका. आणि एक पायरी चढलात की रडण्यापायी मागची पायरी परत देऊ नका, नाहीतर जास्त वेळ रडलं की झोका मिळतो हेच बाळ शिकतं.

दुसरी पद्धत थोडं थांबून जाण्याची. जागं बाळ गादीवर ठेवून बाहेर यायचं, रडलं तर तीन मिनिटांनी जाऊन मिनिटभर धीर द्यायचा, मग पाच मिनिटांनी, मग दहा. तिचा गुण लवकर येतो. मला ती जमली नाही, कारण आमच्या घरात भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं देवघर आणि अलीकडे सासूबाई. पण जिला जमते तिने अपराधी वाटून घेऊ नये. ऑस्ट्रेलियात या दोन्ही पद्धती झोपेचा त्रास असलेल्या बाळांसाठी वापरल्या गेल्या आणि ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. भावना, वागणूक, आईवडिलांशी नातं यांत कुठेही नुकसान दिसलं नाही.

मध्यरात्री

आवाज आला की लगेच धावू नका. एक-दोन मिनिटं ऐका. बाळ झोपेत कण्हतं, कुरकुरतं, हातपाय आपटतं, आणि कितीदा तरी ते जागं नसतंच. आपण उचललं की मग खरोखर जागं होतं. रडणं वाढत गेलं तर जा, दिवा न लावता, आणि संध्याकाळी ज्या पायरीवर होतात तीच मदत द्या. त्याहून जास्त नको.

रात्रीचं दूध ही वेगळी गोष्ट आहे. सहा-नऊ महिन्यांत एखाद-दोन वेळा दूध लागणं स्वाभाविक आहे, ते तोडायची घाई नको. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर अंगावरचं दर दोन रात्रींनी दोन मिनिटांनी कमी करा, बाटलीचं ३० मिलिलिटरने.

कूलरची घरघरही झोक्यासारखीच सवय होऊन बसते. लाइन जाते आणि बाळ उठतं. झोप लागताना कूलर मंद गतीवर ठेवला तर हा त्रास कमी होतो, असा माझा अनुभव.

चालती-बोलती मुलं

दीड वर्षानंतर रडण्याची जागा वाटाघाटी घेतात. पाणी हवं, शू आली, आजीला एक सांगायचंय. या सगळ्याला क्रमात आधीच जागा द्या: पाण्याचा पेला उशाशी, शू झालेली, आजीला पापी देऊन झालेली. निवड लहान द्या. "झोपायचं का?" असं विचारू नका. "निळी चादर की पिवळी?" असं विचारा. उठून आलं तर हात धरून परत गादीवर न्या, दर वेळी तेच एक वाक्य: "झोपायची वेळ आहे, मी बाहेरच आहे." रागावू नका आणि गप्पाही मारू नका. थोरल्याच्या पहिल्या रात्री मी चौदा फेऱ्या मारल्या.

अंधाराची भीती खरी असते. तिला हसू नका आणि बागुलबुवा, बुवाजी, पोलीस यांची भीती घालून झोपवू तर मुळीच नका. जमिनीलगत पिवळसर बारीक दिवा पुरतो. मोबाइल झोपेच्या तासभर आधी बंद.

घरची माणसं

चौथ्या रात्री सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अवं, काहून रडवून राहिली लेकराले? दे इकडे."

मी म्हटलं, "आई, पंधरा दिवस द्या मला. नाही जमलं तर पाळणा परत लावू."

त्या काही बोलल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. मग मला सुचलं की अंगाई त्यांनीच म्हणावी. त्यांच्या आवाजाने तिला जेवढं बरं वाटतं तेवढं माझ्या आवाजाने वाटत नाही. तेव्हापासून अंगाई त्यांची आणि गादी माझी. सुरू करण्याआधी दुपारच्या निवांत वेळी घरातल्या प्रत्येकाला सगळी शिडी सांगून ठेवा. रात्री नऊला, रडण्याच्या आवाजात, कुणालाच काही पटत नाही. शेजारच्या काकूंनाही सांगा.

बाळगुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त घाला, असा सल्ला कुणीतरी देईलच. जायफळ गुंगी आणतं, जास्त झालं तर विषारी ठरतं. सर्दीचं औषध झोपेसाठी देणं तेवढंच वाईट. वर्षाच्या आत मध चाटवणंही नको.

डॉक्टरांकडे कधी जायचं

बाळ मोठ्याने घोरतं, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो, सतत तोंडाने श्वास घेतं, वजन वाढत नाही, पाजल्यावर दर वेळी कळवळून रडतं, अंग खाजवत उठतं, तर शिकवणं थांबवून आधी दाखवा. फिकट दिसणारं, झोपेत सारखं पाय झाडणारं मूल असेल तर लोह कमी आहे का ते विचारा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

आईकडेही बघा. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, कारण नसताना रडू येतं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं होतं, तर त्याला नुसतं जागरण समजू नये. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

घडी विस्कटली तर

आजारपण, आठ-दहा महिन्यांच्या सुमाराचं आईला चिकटणं, दाढा, मारबतीच्या दिवशी रस्त्यावरचा डीजे, उन्हाळ्यात काटोलला आजोळी पंधरा दिवस, यांपैकी काहीही झालं की शिकलेलं विस्कटतं. तापाच्या रात्री जवळ घ्या, मांडीवर झोपवा, हिशोब ठेवू नका. ताप उतरून दोन दिवस झाले की शिडीच्या मधल्या पायरीवरून, म्हणजे गादीवर थोपटण्यापासून, पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदा दोन आठवडे लागत नाहीत. आमच्याकडे तीन-चार रात्रींत पूर्ववत होतं. गावाला जाताना गादीवरची न धुतलेली चादर सोबत न्या, ओळखीच्या वासावर मुलं लवकर रुळतात. आणि नंदीचा रुमाल विसरू नका, नंदी घरी राहिला तरी चालतो.